अठ्ठ्याण्णव वाजवणारं घड्याळ

ताई, तुम्ही गेलात आणि त्याच आठवड्यात तुमचं घड्याळ बंद पडलं. लोकांनी त्याचे काय काय अर्थ लावले ते ऐकलं असतंत तर तुम्ही उठून बसला असतात. शेजारच्या मनीषाबेन तर घड्याळासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. ‘बेननी साथे ज गयुं,’ म्हणाल्या. बाईंच्या सोबतच गेलं. मी मान हलवली. मनात मात्र तुमचाच आवाज ऐकू आला, सोबत कशाला जाईल, आधी फ्यूज बघा.

गल्लीच्या तोंडाशी तुमचा फोटो लावलाय. वीज कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला, त्यामुळे तुम्ही सुरतच्या साऱ्या लिंबायतवर रागावल्यासारख्या दिसता. खाली जन्म, नोकरी, निवृत्ती, सगळं व्यवस्थित छापलंय. ते मी इथे परत लिहीत नाही. मला तुमच्याशी घड्याळाबद्दल बोलायचं आहे, कारण घरात त्याबद्दल बोलायला दुसरं कुणी तयार नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले, आणि दिलीपनी त्या बंद घड्याळावर टॉवेल टाकला. तुमचा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा असला तरी त्या दिवशी तो मला फक्त तुमचा भाऊ वाटला. आई गेल्यावर तुम्हीच त्यांना भरवलंत, शाळेत घातलंत, रिक्षा घेऊन दिलीत. आणि आता तुमचं नाव त्यांच्या तोंडून निघत नाही. जेवतात, धंद्यावर जातात, मनीषाबेनच्या नवऱ्याशी मॅचबद्दल बोलतात. तुमचा विषय निघाला की उठून जातात.

‘हाई माळावर ठेई दे,’ टॉवेलाकडे बोट दाखवून म्हणाले.

‘एकदाव उघडीसन देखसू,’ मी म्हटलं.

‘तू हात लावू नको. ते तुनं काम नही. एक गयी तेवढी बस.’

त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. घड्याळाच्या पोटात एकशे सत्तर व्होल्ट खेळतात आणि ती बाजू कायम तुमची होती. मी नुसती वरची कारागीर. ते माळ्यावर गेलं असतं तर परत कधी खाली आलं नसतं, आणि घड्याळासोबत तुमचं नावही तिथेच पडून राहिलं असतं. मला ते नको होतं. मला ते परत पेटलेलं हवं होतं, ह्यांच्यासमोर, ह्याच घरात.

तुम्ही ते खोकं घरी आणलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. नोकरी संपल्यावर तुम्हाला नदीकाठच्या शनिवारच्या बाजाराचा नाद लागला होता. दुसऱ्या बायका तिथून भांडी आणतात, तुम्ही मेलेली मीटर आणायच्या. त्या दिवशी आणलंत ते तर रेल्वेच्या ट्रंकेएवढं. सोव्हिएत रशियाच्या बनावटीचं मोजणीयंत्र, जुनंपुराणं, गंजकं. मी पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, ताई, घरात पाय ठेवायला जागा नाही, आता ह्याच्यावरच जेवायला बसायचं का? तुम्ही ऐकलंही नाहीत. झाकण काढलंत आणि आतून एक काचेची नळी अशी काढलीत, जशी सुईण मूल काढते.

‘सुरेखा, आठे ये. देख.’

मी बघितलं तर काचेच्या आत तारांचा गुंता. मला वाटलं, मेलेला बल्ब आहे. तुम्ही म्हणालात, गुंता नाही, नीट बघ. मग मला एक शून्य दिसलं, तारेचं, बोटाच्या पेराएवढं. त्याच्या मागे सात, त्याच्या मागे आणखी काही. दहाच्या दहा आकडे एकामागे एक उभे, एकाच काचेत, एकमेकांना न शिवता. मी साड्यांवर खडे लावणारी बाई, बारीक काम मला कुणी शिकवायला नको. पण ते बघून मी खोचलेला पदर सोडला. कुणीतरी, कुठल्यातरी थंड गावात, चिमट्याने हे आकडे एकेक करून आत उभे केले असणार. ज्या देशात ते केले तो देशही आता नकाशावर नाही, असं तुम्ही म्हणालात. आकडे मात्र जिथल्या तिथे.

पेटवून बघायचं ठरलं तर दुपार होती आणि आपल्या खोलीत उजेडच उजेड. पत्र्याखालच्या खोलीला अंधार कुठून आणायचा? तुम्ही म्हणालात, गोधडी काढ. भर उन्हाळ्यात आपण दोघी एका गोधडीत डोकी घालून बसलो, मधे ती नळी, आणि वायर बाहेर गेलेली. घामाने जीव नकोसा झाला. खाली खात्यात, मागांच्या कारखान्यात, लूम धडधडत होते, त्यामुळे तुम्ही काय म्हणता तेही ऐकू येईना. मग तुम्ही बाहेर हात घालून बटण दाबलंत.

ताई, मला ते अजून सांगता येत नाही. तीनचा आकडा पेटला. पेटला म्हणजे बल्बची तार तापते तसा नाही. तार काळीच राहिली आणि तिच्याभोवती केशरी साय धरली. मी विचारलं, तार का नाही लाल होत? तुम्ही माझ्या कानाशी ओरडून सांगितलंत, तार पेटतच नाही, तारेला बिलगलेला वायू पेटतो. आत चिमूटभर निऑन भरून काच बंद केलेली. त्या तीनच्या पुढे दुसरे न पेटलेले आकडे उभे होते, आणि त्यांच्यातून, जाळीच्या दारातून देव्हारा दिसावा तसा, तो तीन दिसत होता. मी काचेला बोट लावलं. जेमतेम कोमट. तुमच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक तीन दिसत होता. मी ह्या घरात आले तेव्हापासून तुमची मला भीती वाटायची, खरं सांगते. तुमचा आवाज, तुमचं ते कंपनीच्या बुटांनी चालणं. ती भीती त्या गोधडीत गेली. बाहेर आलो तेव्हा मनीषाबेन दारात उभ्या होत्या आणि आपण दोघी घामाने निथळत, केस विस्कटलेल्या. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. ‘आ शुं करो छो?’ म्हणाल्या, हे काय चाललंय. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘घडियाळ.’

तिथून त्या नळ्यांचं घड्याळ करायचं ठरलं आणि कामाची वाटणीही. वरची, नळ्यांची बाजू माझी, विजेच्या दाबाची तुमची. बारा व्होल्टांच्या साध्या अडॅप्टरमधून एकशे सत्तर व्होल्ट कसे काढतात ते मला काही केल्या उमगेना. नाकापेक्षा मोती जड, एवढ्याशा पिनमधून एवढा दाब? तुम्ही मला मोरीत नेलंत. महापालिकेचं पाणी आलेलं, नळ धो धो सुटलेला. तुम्ही तो झटकन बंद केलात. भिंतीतला पाइप धाडकन आदळला. ‘समजनं?’ म्हणालात. धावतं पाणी एकदम अडवलं की ते धडक देतं. तारेच्या वेटोळ्यातली वीज तशीच धावायला लावायची आणि झटकन अडवायची, सेकंदाला हजारो वेळा. ती धडक साठवत गेलं की एकशे सत्तर. तेव्हापासून नळ बंद करताना मी जपून करते. आणि दरवेळी मला तुमचं ते वेटोळं आठवतं, अंगठीपेक्षा थोडं मोठं, लाल तार गुंडाळलेलं, बारीक शीळ घालणारं.

आता त्या चुकीकडे येते. तुम्ही हसाल हे माहीत आहे.

नळीच्या बुडाला पिनांचं रिंगण असतं. कुठली पिन कुठल्या आकड्याची, त्याचा नकाशा तुम्ही मला काढून दिलात आणि बजावलंत, हा नकाशा खालून बघितलेला आहे. आता मी काय करते? ब्लाउजच्या बाह्यांचं काम करते. उजव्या बाहीची नक्षी डाव्या बाहीला उलटी करून घ्यायची, कापडाच्या मागून काम असेल तर खाका पालटायचा, हे माझ्या हातात इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायचं कामच नाही. नकाशा खालून आहे ना, मग पालटला पाहिजे. मी तो पालटला. सहाही नळ्यांना पालटून कथिलाचे डाग दिले, एकेक डाग मोत्यासारखा. पण मी स्वतःच खालून काम करत होते, म्हणजे पालटायची गरजच नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. आणि तुम्हीही भिंग लावून सगळे डाग तपासलेत आणि ‘एक नंबर’ म्हणालात. तेव्हा अर्धी चूक तुमची, हे मी आजही सोडणार नाही.

चालू केलं तर सगळं काळं. घड्याळ शून्यापासून सुरू होतं, सहा शून्यं दिसायला हवी होती, एकही दिसेना. माझं तोंड उतरलं. तेवढ्यात शेवटच्या नळीत नऊ पेटला. मग आठ. मग सात, सहा, पाच, चार.

तुम्ही खुर्ची ओढून बसलात. ‘हाई तं मांगे जाई ऱ्हायनं,’ म्हणालात.

एकपर्यंत आलं, विझलं, आणि शेजारच्या नळीत नऊ पेटला. पुन्हा शेवटची नळी नऊ, आठ, सात. सेकंद मागे मागे चालले होते आणि घड्याळ पुढे चाललं होतं. आकडे पालटून बसले होते, एकच्या जागी नऊ, दोनच्या जागी आठ, शून्याच्या वाट्याला रिकामी पिन. फक्त पाच आपल्या जागी शाबूत, कारण रिंगणात तो बरोबर समोर होता. आणि त्या पाचाची तर वेगळीच गंमत, तो पाच नव्हेच, कारखान्याने दोनचाच आकडा उलटा करून बसवलेला. म्हणजे सगळ्यांत लबाड आकडा तेवढा खरं बोलत होता. दुपारी बारा वाजता आपल्या घरात अठ्ठ्याण्णव वाजले. सव्वातीनला, म्हणजे चोवीस तासांच्या हिशेबाने पंधरा-पंधराला, पंचाण्णव वाजून पंचाण्णव मिनिटं झाली. तुम्ही पोट धरून हसलात. कंपनीच्या ओळखपत्रातल्या बाईला असं हसता येतं हे मला तेव्हा कळलं.

मी लगेच डाग सोडवायला बसणार होते. तुम्ही हात धरलात. ‘ऱ्हाऊ दे. चुकेल नही शे ते. वाचता येवाले जोयजे.’

ह्यावरून आपलं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमचं म्हणणं, घड्याळ एक सेकंदही चुकत नाही, दहातून वजा करून वाचलं की झालं. माझं म्हणणं, घड्याळ म्हणजे वाटेने जाणाऱ्याने मान वर करून बघावं आणि कळावं, गणित घालायला ते काय मास्तर आहे? तुम्ही म्हणायच्या, खरं असणं वेगळं आणि सोपं असणं वेगळं. मी म्हणायची, घरातल्या माणसाला रिक्षा काढायची असते, त्याला खरं आणि सोपं दोन्ही एकदमच लागतं. एवढं होऊनही कितीतरी दिवस ते तसंच चाललं, आणि दिलीप तर खरोखर त्यावर बघून वेळेवर जायला लागले. शेवटी मीच एका दुपारी सगळे डाग सोडवून सरळ केले. तुम्ही शेजारी बसून नळ्या धरल्यात, पण पुढे कितीदा तरी टोमणा मारलात, बरं होतं ते, आता साधं घड्याळ झालं. ताई, मला अजून वाटतं की माझंच बरोबर होतं. पण आता ते कुणाला ऐकवू? पलीकडून ‘नाही’ म्हणणारं कुणी नसलं की बरोबर असण्यात काही चव राहत नाही.

सरळ झाल्यावर तुम्ही त्याला कवायत शिकवलीत. तासाच्या पहिल्या नळीत शून्य, एक आणि दोन एवढेच पेटतात. चोवीसच्या पुढे दिवस नाही, मग तीनपासून नऊपर्यंतचे आकडे कधी लागणार? आणि जो आकडा पेटत नाही त्याच्यावर बाकीच्यांची काजळी बसत जाते, शेवटी तो पेटायचा म्हटला तरी अर्धाच पेटतो. म्हणून दर तासाला थोडा वेळ सगळ्या नळ्यांनी सगळे आकडे धावत म्हणायचे. ती कवायत सुरू झाली की मी हातातलं काम टाकून बघायची. ज्यांचं काही काम नव्हतं, त्या आकड्यांनाही तुम्ही उजेड दिलात. मीही खड्यांच्या साड्या, भाकरी आणि नळाचं पाणी ह्यांतच फिरत होते. तुम्ही मला चिमट्यासकट उचलून तिकडे बसवलंत. कुणी विचारलं की हे कुणी केलं, तर तुम्ही कधी ‘मी’ म्हणाला नाहीत. ‘आमी दोन्हीसनी बनायं,’ म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

मग तुमचा श्वास तोकडा पडायला लागला. दवाखाना झाला, औषधं झाली, घरी आणलं. खाट अशी लावली की पडल्या पडल्या घड्याळ दिसावं. आकडे तुम्हाला स्पष्ट दिसत होते, तरी तुम्ही मला विचारायच्या, ‘किती वाजनात?’ आणि मी भाकरी थापता थापता सांगायची. कशाला विचारत होतात ते मला कळत होतं, म्हणून मी सेकंदासकट सांगायची. एकदा तुम्ही म्हणालात, दाबाच्या सर्किटची पाटी काढ, तुला दाखवून ठेवते. मी चहा टाकायला उठले. दुसऱ्यांदा म्हणालात तेव्हा मी म्हटलं, बऱ्या झालात की शिकवा. त्यावर तुम्ही उशी सारखी केलीत. आपल्या दोघींनाही ठाऊक होतं की ती पाटी मी शिकून घेतली तर तुमचं जाणं मी मान्य केलं असं होईल. त्यापेक्षा न शिकलेलं परवडलं. तुमच्या जागी दुसरी कुणी असती तर सक्तीने शिकवलं असतं. तुम्ही नाही शिकवलंत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. शेवटचे ते दिवस आपण फक्त घड्याळ बघण्यात घालवले, दुरुस्तीत नाही.

पण त्यामुळे झालं काय, की ते बंद पडलं तेव्हा मी हात चोळत बसले. दिलीप रोज माळ्याची आठवण करून द्यायचे. मी आज ठेवते, उद्या ठेवते करत राहिले. एकदा मी खोलायला पेचकस घेतला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. रागाने नाही. तो पाठीमागे धरून उभे राहिले.

‘तुले काही झायं तं?’ एवढंच म्हणाले.

मी त्यांना समोर बसवलं. म्हटलं, मी जवळ बसून इतकी वर्षं बघितलंय. हात लावला नाही, पण डोळे मिटून तर बसले नव्हते. तुम्हाला भीती वाटते तर तुम्ही मेन स्विचवर हात ठेवून उभे राहा, मी किंचाळले तर पाडा. ते रिक्षाची किल्ली बोटात फिरवत होते. मग म्हणाले, ‘लूमनी सुट्टीना दिन कर. मी मेनजोडे उभा ऱ्हास.’

लूमच्या सुट्टीचा दिवस त्यांना कसा सुचला असेल? तुम्हीच तर म्हणायच्या, वेटोळ्याची शीळ ऐकायची तर खालची धडधड थांबली पाहिजे. म्हणजे गेली इतकी वर्षं हा माणूस दारात बूट घालता घालता सगळं ऐकत होता.

त्या दिवशी सकाळची कामं उरकून आम्ही बसलो. गल्ली इतकी शांत की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी दोन घरं सोडून ऐकू येत होती. तुमच्या भावाने मेन स्विचच्या खाली स्टूल ठेवलं आणि त्यावर हात वर करून ते उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी घड्याळ उलटं केलं. अडॅप्टर काढलेला असला तरी पाटीवर साठलेला दाब आधी उतरवायचा, हे मला माहीत होतं. तुमचा तो काळ्या नळीत बसवलेला रेझिस्टर घेतला, टोकाला टोक लावून धरला, मीटर शून्यावर येईपर्यंत सोडला नाही. माझा डावा हात मी पदरात गुंडाळून कमरेमागे घेतला होता. दाबाच्या कामात एकच हात चालवायचा, म्हणजे चुकून झटका बसला तरी तो छातीतून आरपार जात नाही. तुमच्या डाव्या बाजूच्या साडीला कायम चुण्या का पडलेल्या असायच्या, ते त्या वेळी मला कळलं.

फ्यूज शाबूत होता. सॉरी, ताई, तुमचं पहिलं उत्तर चुकलं. अडॅप्टरमधून बारा व्होल्ट नीट येत होते. मग मी पाटीवरचा एकेक भाग बघत गेले, जशी साडीवर निसटलेला खडा शोधते तशी, कोपऱ्यापासून, रांग सोडून न देता. आणि सापडलं. आत येणाऱ्या विजेच्या तोंडाशी जो मोठा, वीज साठवणारा कपॅसिटर असतो, त्याचं डोकं फुगलेलं होतं आणि बुडाशी चिकट डाग. उन्हाळ्याने तो सुकून गेला असेल. घड्याळ कुणाच्या सोबत गेलं नव्हतं, मनीषाबेन. त्याला ताप चढला होता, बस.

नवा कपॅसिटर तुम्ही सुटे भाग ठेवायच्या त्या मुखवासाच्या डब्यांपैकी एकीत मिळाला. जुन्या बडीशेपेचा वास येणारा कपॅसिटर साऱ्या सुरतेत दुसरा नसेल. उलटसुलट टोकं मी तीनदा बघितली, एकदा पालटायची चूक करून झालेली होती. डाग दिले. नळ्यांची पाटी बाजूलाच ठेवली, आधी नुसता दाब बघायचा म्हणून. मग मी दिलीपकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी अडॅप्टर लावला.

काही नाही. एक क्षण काहीच नाही. मग ती शीळ आली, डासापेक्षा बारीक. मीटरवरचे आकडे उड्या मारत वर गेले आणि एकशे सत्तरच्या आसपास थरथरत थांबले. ह्या इवल्या वेटोळ्यात बाराचे एकशे सत्तर होत होते आणि ते मी केले होते. तुम्ही नसताना. मला त्या घटकेला आनंद झाला नाही, ताई. मला वाटलं, मी तुमचं काहीतरी घेतलं. मग वाटलं, नाही, तुम्हीच ठेवून गेला होतात, मला ते उचलायला उशीर झाला. दोन्ही खरं असेल.

पुन्हा सगळं बंद, पुन्हा दाब उतरवला, नळ्यांची पाटी जोडली. घड्याळ सुलटं करून खाटेसमोर त्याच्या जागी ठेवलं. ह्या वेळी मी पिन लावली तेव्हा सहा शून्यं एकदम उमटली. केशरी, शांत, काचेच्या आत तरंगल्यासारखी. तो गोधडीतला तीन मी बघितला होता तेव्हा जसं झालं तसंच पुन्हा झालं, इतक्या वर्षांनी, इतक्या वेळा बघून झाल्यावरही. आत हवाही नाही, नुसता चिमूटभर वायू, आणि माणूस गेल्यावर, देश गेल्यावर तो आकड्याला मिठी मारून उजळतो. मी हात जोडले नाहीत, तुम्हाला आवडलं नसतं. नुसती त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

दिलीप मेनपासून हलले. खिडकीशी गेले, तिची दोन्ही दारं लावली, आणि उजेड कमी झाला तसे आकडे गडद झाले. मग येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसले. सेकंद पुढे चालले होते, सरळ, एकामागून एक. बटण दाबून खरी वेळ लावायची होती, ती मी लावली. त्यानंतर कवायतीची वेळ आली आणि सगळे आकडे धावत म्हटले गेले, एकही अर्धा पेटला नाही. त्यांनी टॉवेल उचलला, झटकला आणि दोरीवर टाकला.

बराच वेळ ते बघत होते. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग किल्ली घेऊन उठले, दारात बूट घालायला वाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ताईले सांग, चालू झायं.’

तुम्ही गेल्यापासून त्यांनी तुमचं नाव घेतलं ते हे पहिलं. कसं सांगायचं, कुठे सांगायचं, काही बोलले नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत मला रिक्षाचा आवाज ऐकू येत होता. मी भांडी तशीच ठेवली आणि हे लिहायला बसले. ताई, चालू झालं.